कार्ड नंबर चारशे सतरा

मुलांनो, जरा कल्पना करा. बुधवार. दुपारचे चार. ऑफिसात लख्ख उजेड आणि कोपऱ्यात एक रिकामं टेबल. घाबरावं असं काहीच नाही, हो ना?

पण हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत. मला सांगताना तिची मान वर झाली नाही.

ती सॉफ्टवेअर बनवते. शाळेच्या बसमधून कोणतं मूल उतरलं, कोणतं राहिलं, ते ड्रायव्हरला फोनवर दाखवणारं. त्यात चूक सापडली की टीमच्या कॉम्प्युटरवरच्या बोर्डावर त्या चुकीचं कार्ड लागतं. 'नवीन', 'चालू', 'बंद' असे तीन रकाने. नियम एकच... स्वतः करून पाहिल्याशिवाय कार्ड बंद करायचं नाही.

चुका शोधायला एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. विचार करताना ते चष्म्याचं घर टेबलावर आपटत. टक... टक.

कार्ड ४१७ त्यांचंच. 'बटण पटकन दोनदा दाबलं, की मागच्या सीटवरचं मूल उतरलं असं दिसतं. मूल बसमध्येच असतं.'

भाचीला घाई होती. तिनं लिहून टाकलं, 'करून पाहिलं. चूक दिसली नाही.'

बंद.

तिनं करून पाहिलंच नव्हतं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "आजोबा, चष्म्याचा नंबर वाढलाय बरं का तुमचा."

सगळे हसले. भाचीसुद्धा.

आजोबांनी फक्त तिच्याकडे पाहिलं.

महिन्याभरात ते झोपेतच गेले.

त्या बुधवारी टीम चहाला गेली होती. भाची आणि शाळेतून आलेली तिची आठ वर्षांची लेक, दोघीच होत्या. सोमवारपासून लेकीच्याच बसमध्ये हे सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं.

बोर्डावर बंद केलेलं ४१७ पुन्हा 'नवीन'मध्ये होतं.

तिनं ते बंद केलं.

ते परत आलं...

कुणी हलवलं, तिथे नाव नव्हतं. खाली एकच ओळ. 'करून पाहिलंस?'

आणि कोपऱ्यातल्या, आजोबांच्या रिकाम्या टेबलावरून... टक... टक.

लेकीनं ओळ वाचली. "आई, पाहिलं होतंस ना?"

"हो गं," भाची म्हणाली.

पोटच्या पोरीशी खोटं.

टक.

तिनं चाचणीचा फोन उचलला. यादीत मागच्या सीटवर एक मूल बसवलं. बटण पटकन दोनदा दाबलं.

'उतरलं.'

टीम परतली, तेव्हा ती उभी राहिली. "आजोबांचा चष्मा बरोबर होता. मी खोटं लिहिलं होतं."

कुणीच हसलं नाही.

चूक दुरुस्त झाली. तिनं वीस वेळा करून पाहिलं. टेबलही गप्प झालं.

सोमवारी ती बसथांब्यावर गेली. लेक सगळ्यांत शेवटी उतरली. ड्रायव्हर फोनकडे बघत डोकं खाजवत होता. "ताई, मागच्या सीटवर अजून कुणीतरी आहे म्हणतोय हा. सीट तर रिकामी आहे."

भाचीनं वाकून बसमध्ये पाहिलं...

लेकीनं मागे वळून पाहिलं. बसचं दार हातानं धरून ठेवलं आणि हळूच बाजूला सरकली... म्हाताऱ्या माणसाला उतरायला वाट देतात, तशी.