वैतागांक

जलदमार्गावर आता कोणी बसची वाट बघत नसे. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त बससाठी राखलेली मार्गिका, तिच्या मधोमध काचेचे थांबे, थांब्याच्या फलाटाला अलगद येऊन टेकणारी बस, आणि तिच्यात ना ड्रायव्हर ना कंडक्टर. एके काळी याच मार्गिकेत मोटारी घुसायच्या, दुचाकीवाले उलट्या दिशेने यायचे आणि ‘बीआरटी’ हे नाव काढलं की लोक हसायचे. आता बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना मुद्दाम बसमधून फिरवून आणायची पद्धत पडली होती.

याचं श्रेय ‘कानोसा’ला होतं. कानोसा म्हणजे या बस चालवणारी, स्वतःहून शिकणारी संगणक यंत्रणा. तिच्या आधीच्या यंत्रणा मिनिटं मोजायच्या. पण जलदमार्ग मंडळातल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की माणूस मिनिटांना वैतागत नाही. खिडकीची जागा मिळाली तर तो अर्धा तास खुशाल बसतो, आणि दार उगाच उघडं राहिलं तर क्षणात त्याचं डोकं फिरतं. तेव्हा मोजायचा तर वैतागच मोजायला हवा. तो मोजायचा कसा, हाच प्रश्न होता. विचारून उपयोग नव्हता. आपल्याकडे विचारलं की निम्मे लोक ‘ठीक आहे’ म्हणतात आणि उरलेले बाह्या सरसावून भांडायला उठतात.

उत्तर सापडलं डॉ. मृण्मयी सरपोतदार या संशोधिकेला. जीभ टाळूला लावून सोडली की होतो तो आवाज: ‘च्च’. तो कोणाला शिकवावा लागत नाही आणि ठरवून दाबताही येत नाही. तोंडातून निघून गेल्यावरच कळतं. मंडळाने प्रत्येक बसच्या छतात बारीक ध्वनिग्राहक बसवले. एका फेरीत किती च्च ऐकू आले यावरून निघणाऱ्या आकड्याला नाव मिळालं वैतागांक. कानोसाला एवढंच सांगण्यात आलं की वैतागांक कमी ठेव, कसा ते तुझं तू शिक. कानोसा शिकला. कुठे गारवा वाढवायचा, कुठला सिग्नल आधी पकडायचा, सगळं शिकला. मृण्मयीला दोन पुरस्कार मिळाले.

तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शीतल गराडे यांना यातलं काही माहीत नव्हतं. (त्या काळातल्या आज्यांची नावं शीतल, स्नेहल, पिंकी अशीच असायची. गोदावरी आणि यमुना केव्हाच वाहून गेल्या होत्या.) शीतलकाकूंचा गुडघा गेलेला होता, हातात काठी होती. नवरा प्रशांत अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मोठ्या दवाखान्यात पडून होता. त्याचं गिळणं बिघडलं होतं. रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला, त्याला चमच्याने भरवून गिळायची सवय लावायची होती. पण परिचारिकेने चमचा पुढे केला की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. बायकोच्या हातूनच खायचा. काकू उशिरा पोचल्या की भरवायची वेळ संपलेली असायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी एकदा घातली की हा माणूस पुन्हा तोंडाने जेवेल याची खात्री नाही.

एका रविवारी काकू जिना चढून मृण्मयीकडे आल्या. आधी धापा टाकल्या, मग म्हणाल्या, “तुझी बस मला बघून पळते गं.”

मृण्मयी हसली. “काकू, बसला कोण माणूस कसा कळणार?”

“ते मला नको विचारू. मी उतारावरून फलाटावर येते, तोवर दार उघडं असतं. मी चार पावलांवर आले की बंद. आणि वर गोड आवाजात सांगते, कृपया मागील बसने यावे. मागच्या बसचंही तेच.”

“योगायोग असेल.”

“रोज? तू चल उद्या माझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी मृण्मयी जकातनाक्याच्या थांब्यावर आली. जकात बंद होऊन जमाना झाला होता, पण थांब्याचं नाव तेच होतं. काकू उतार चढू लागल्या. बस आली, दार उघडलं, कॉलेजची मुलं टणाटण आत गेली. काकू दोन हातांवर आल्या आणि दार लागलं. गोड आवाज आला. काकूंनी मागे वळून मृण्मयीकडे नुसतं पाहिलं. पुढच्या बसच्या वेळी मृण्मयी स्वतः दारात उभी राहिली, तेव्हा कुठे काकू आत आल्या. त्या चढत असताना मागून, बाजूने, सगळीकडून आवाज आला. च्च. च्च. च्च.

मृण्मयीचा चेहरा पडला. तिला सगळं तिथेच समजलं होतं. पुढचे काही दिवस तिने फक्त खात्री करून घेण्यात घालवले.

“कानोसाला तुमचं वय दिसत नाही, काठी दिसत नाही, दाराकडे येणाऱ्याचा फक्त वेग कळतो,” तिने काकूंना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. “त्याला फक्त इतकं कळलंय की सावकाश चालणारं कोणी चढलं की बसमध्ये च्च वाढतात. दार वेळेत लावलं तर वाढत नाहीत. कोणी त्याला असं कर म्हणून सांगितलं नाही, काकू. त्याचं ते शिकलं.”

“म्हणजे लोकांना मी नको आहे.”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

मृण्मयीचे डोळे तारवटलेले होते, केस विंचरलेले नव्हते. काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, “च्च! जेवली नाहीस ना सकाळपासून? अवतार बघ काय झालाय.” त्या पोळी गरम करायला उठल्या.

मृण्मयी ताडकन उभी राहिली. “काकू, आत्ता काय म्हणालात?”

“जेवली नाहीस का म्हटलं.”

“त्याच्या आधी!”

चूक साधी होती, आणि ती फक्त आपल्याच लोकांच्या हातून व्हावी अशी होती. वैतागलो की आपण च्च करतो आणि कळवळलो तरी च्चच करतो. मूल पडलं की च्च, दूध नासलं की च्च. बसमधले लोक ‘काय ही कटकट’ म्हणत होते की ‘अरेरे, बिचारी’ म्हणत होते, हे कानोसाला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने सगळी हळहळ वैतागाच्या खात्यात टाकली होती. लोकांच्या दयेनेच काकूंना थांब्यावर ठेवलं होतं, या विचाराने मृण्मयीला एकाच वेळी रडू आणि हसू आलं.

तिने झपाट्याने काम केलं. कळवळ्याचा च्च किंचित लांबतो, आणि त्यानंतर माणूस सरकून जागा करतो, निदान त्या व्यक्तीकडे बघतो. वैतागाचा च्च तुटक असतो आणि पाठोपाठ नजर घड्याळाकडे जाते. बसमध्ये नजर टिपणारे कॅमेरे बसवून घेऊन, आवाज आणि नजर दोन्ही जोडून तिने कानोसाला फरक शिकवला. मंडळाने नवा नियम मान्य केला. बसमध्ये कळवळा जास्त असेल तर दार थांबेल, वैताग जास्त असेल तर लागेल. म्हणजे जशी आतली माणसं, तसं दार.

“चुकणार नाही ना आता?” काकूंनी विचारलं.

“नाही. माणूस एक वेळ स्वतःला फसवेल, काकू, पण त्याला नाही फसवता येणार.”

आणि खरंच, बस काकूंसाठी थांबू लागली. वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्यांनी छापून आलं की शहर माणुसकीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालं. आपल्या चांगुलपणाचा आकडा छापून आला की लोकांना कोण आनंद होतो! काकूंनाही झाला. त्या रोज वेळेवर पोचू लागल्या. प्रशांत दोन-चार घास गिळू लागला.

पण सुधारणा फार हळू होती. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, “उद्या दुपारी मी स्वतः समोर उभा राहून बघतो. गिळलं तर ठीक, नाहीतर नळी. माझाही नाइलाज आहे.”

त्या दुपारी काकूंना बस लगेच मिळाली, बसायला जागाही मिळाली. बसमध्ये फारसं कोणी नव्हतं. कानात यंत्रं घातलेल्या दोन मुली मान खाली घालून बसल्या होत्या आणि मागे एक माणूस झोपला होता. पण मोठ्या चौकात बस अडकली. जलदमार्ग अजूनही एकाच गोष्टीसाठी थांबायचा, तो म्हणजे कुठल्याशा साहेबांचा ताफा. ताफा संपता संपेना. काकू मांडीवरच्या डब्यावर बोटं आपटत राहिल्या. डब्यात मऊ खिमट होतं. ते गार झालं तर प्रशांत तोंडात घेत नसे.

शेवटी बस सुटली आणि पुढच्या थांब्याला टेकली. दार उघडलं. बाहेर चार पायांचा वॉकर घेतलेले एक आजोबा उतारावर होते. वॉकर उचलायचा, पुढे ठेवायचा, मग एक पाय, मग दुसरा. दार उघडंच राहिलं. कानोसा आतल्या माणसांचा कानोसा घेत होता. मुलींनी वर पाहिलं नाही. झोपलेला माणूस झोपलेलाच होता.

आजोबांनी आत बघून ओशाळं हसून म्हटलं, “आलोच हं.”

बिचारे, काकूंच्या मनात आलं. किती त्रास होतोय त्यांना. अगदी हेच शब्द मनात आले, त्याबद्दल त्या नंतरही शपथ घ्यायला तयार होत्या. आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडून निघालं, “च्च.”

दार लागलं.

काचेपलीकडे आजोबा थबकले. मग जणू चूक त्यांचीच होती अशा थाटात त्यांनी हात वर केला, असू द्या, असू द्या, आणि बस निघाली. काकू उठायला गेल्या, पण बसने वेग घेतला होता. माझा तो कळवळ्याचा होता, त्या मनाशी म्हणाल्या. यंत्राची चूक झाली. मृण्मयीला सांगायला हवं. पण आपली नजर कुठे होती, हे त्यांना ठाऊक होतं. ती आजोबांवर नव्हती, दारावरच्या घड्याळावर होती. दार लागताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्यांना बरं वाटलं होतं. लाज त्यानंतर वाटली, आणि तीही फार वेळ टिकली नाही, कारण दवाखान्याचा थांबा आला.

भरवायची वेळ अजून संपली नव्हती. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभे होते. खिमट कोमट होतं. काकूंनी चमचा पुढे केला, प्रशांतने ओठ उघडले, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग दुसरा घास. मग तिसरा. डॉक्टर हसले, “छान! नळी नको,” म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

प्रशांतचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, शब्द फुटायला वेळ लागायचा. त्याने बराच वेळ बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“वाटेत... कोण भेटलं?” त्याने विचारलं.

“कोणी नाही,” शीतलकाकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा चमचा भरला.