येते गं बाई

टाकवे बुद्रुकच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडेच्या आरोग्य उपकेंद्रात रेंज मिळते ती एकाच खिडकीत. म्हणून दर मंगळवारी सारिका सिस्टर तिथे टॅब मांडायची, समोर खुर्ची ठेवायची आणि अतिजोखमीच्या गरोदर बायका एकेक करून त्या खुर्चीत बसायच्या. टॅबच्या पडद्यावरून पुण्याच्या डॉक्टर उमेरा त्यांना तपासायच्या. सारिकाला स्वतःलाच सातवा महिना होता. आधीची दोन्ही सातव्यातच गेलेली. हे तिसरं तरी पदरात पडावं म्हणून ती जीव मुठीत धरून दिवस काढत होती.

त्या मंगळवारी खुर्चीत रुपाली होती. रक्तदाब जरासा चढलेला, बाकी सगळं ठीक.

"काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई ओ, काय न्हाई."

डॉक्टर थबकल्या. "मग मावशी काय म्हणतायत? दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून?"

सारिकाने मागे वळून पाहिलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

रुपालीचा चेहरा उतरला. "व्हय. पर म्या कुनालाच सांगितलं न्हवतं. सासूबाई लय घाबरत्यात."

लगेच रुग्णवाहिका बोलावली. तळेगावच्या दवाखान्याच्या दारातच रुपालीला आकडी आली. अर्धा तास उशीर झाला असता तर सगळंच संपलं असतं. बाळ-बाळंतीण वाचली.

दुसऱ्या दिवशी सारिकाने फोन केला. "मॅडम, मावशी कोण?"

"अहो, तुमच्याकडच्याच ना? दिसत नाहीत, पण आवाज येतो. बोलण्याआधी दोनदा खाकरतात. आणि प्रत्येक पेशंट झाली की म्हणतात, 'येते गं बाई.' इतकं गोड वाटतं ऐकायला!"

सारिकाने लगेच ओळखलं. दोनदा खाकरल्याशिवाय तोंड उघडायची नाही ती बयाबाई सुईण. निम्मं गाव तिच्या हातचं. गेल्या दिवाळीआधीच ती वारली होती.

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त सुतकाच्या घरातून मुकाट्याने उठायचं. बयाबाई ही रीत कसोशीने पाळायची. सारिकाचं दुसरं गेलं तेव्हा म्हातारी उशाशी बसली होती, आणि एक शब्द न बोलता उठून गेली होती.

पुढच्या मंगळवारी बाकीच्या बायका आटोपल्यावर सारिका स्वतः त्या खुर्चीत बसली. भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी हाव होती, तो एक शब्द ऐकायची. तिने रक्तदाब सांगितला, साखर सांगितली, वजन सांगितलं.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाल्या.

"मॅडम, मावशी..."

"आहेत की. आत्ताच खाकरल्या."

सारिका कान देऊन बसली.

तिला काहीच ऐकू आलं नाही. खिडकीचं दार तेवढं हललं.

"गेल्या वाटतं," डॉक्टर हसून म्हणाल्या. "आज 'येते' म्हणाल्याच नाहीत. बरं, आता बाळाचे ठोके ऐकवा बघू."

ठोके ऐकायचं यंत्र सारिकाने उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. बाळ शेवटचं कधी हललं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.