अण्णा, उतरा

दिंबम घाटाच्या माथ्यावर, चहाच्या टपरीपाशी तंगरासूने लॉरी उभी केली तेव्हा म्हणे उजाडलं होतं. पण त्या धुक्यापुढे उजाडण्याचं काही चालत नव्हतं. मागे ग्रॅनाइटच्या लाद्या, पुढे सत्तावीस वळणांचा उतार. घाट उतरण्याआधी केबिन पुढे झुकवून इंजिन तपासायचं, हा शिरस्ता त्याला त्याचे जुने जोडीदार वेलुच्चामी अण्णांनी लावून दिलेला.

आणि केबिन झुकवण्याआधी दारावर थाप मारून हाक द्यायची. सीटमागच्या फळीवर जोडीदार झोपलेला असला, तर तो थेट काचेवर जाऊन आपटतो. त्याच फळीवर अण्णा झोपेत गेले, त्याला वर्ष झालं. तंगरासूची हाक मात्र सुटली नव्हती. "अण्णा, उतरा" म्हणायचं, म्हाताऱ्याला चपला सापडेपर्यंत थांबायचं, मग केबिन झुकवायची. काम झालं की, "अण्णा, चढा." मधल्या वेळात शेजारी अण्णांच्या कपाळावरच्या विभूतीचा वास यायचा आणि नजर आपसूक नेमक्या ढिल्या नटावर जायची. याचं त्याला भय वाटत नसे. उलट बरं वाटे.

नवा जोडीदार सेंगोडन याला मात्र हसू आवरेना.

"मेलेल्याला उठवत बसतोस आणि जिवंताला चहा विचारत नाहीस! अरे, मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय तुझ्या भाचीचे कान टोचायचे नाहीत. दुपारचा मुहूर्त आहे, आटप की."

तंगरासू ओशाळला. वाट पाहणाऱ्या बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सेंगोडन टपरीकडे वळला आणि याने हाक न देताच जॅकचा दांडा मारायला घेतला. केबिन संथपणे पुढे कलू लागली.

आत काहीतरी घसरलं. जड, मऊ. काचेवर जाऊन थडकलं.

"हळू रे, तंबी..."

धाकटा भाऊ म्हणून अण्णा त्याला 'तंबी' म्हणायचे. भास असेल, गोधडी घसरली असेल, त्याने मनाला सांगितलं. तेल पाहिलं, पट्टा पाहिला, पाणी पाहिलं, नळ्यांवरून हात फिरवला. सगळं ठाकठीक. विभूतीचा वास तेवढा नव्हता. असं वर्षभरात कधी झालं नव्हतं.

त्याने केबिन खाली आणली आणि चढून पाहिलं. फळी रिकामी होती. पण समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने, विभूतीचे तीन आडवे पट्टे उमटले होते. कुणी कपाळ टेकावं तसे.

"चुकलो, अण्णा..." तो पुटपुटला. खाली उतरून त्याने दारावर थाप मारली. "उतरा. सावकाश उतरा..."

दाराखालची पायरी किंचित दबली.

या वेळी केबिन झुकताच वास आला. नजर गेली ती स्टिअरिंगच्या तेलाच्या नळीवर. एका पट्टीला घासून ती मागल्या अंगाने कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरली होती. ऐन वळणावर फुटली असती, तर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं असतं आणि लाद्यांसकट लॉरी दरीत गेली असती. पेटीतली नवी नळी काढून त्याने बसवली. मग केबिन खाली घेऊन त्याने काचेवरची विभूती अंगठ्याने पुसली आणि आपल्या कपाळाला लावली.

जुनी नळी बघून सेंगोडनचा चहा हातातच निवला. "वाचलो रे," तो हळूच म्हणाला. "चल, बस. उशीर झाला."

दोघे निघाले. धुकं इतकं ओलं होतं की वायपर अख्खा घाट थांबला नाही. पायथ्याशी ऊन लागलं तेव्हा जणू झोपेतून जाग आली.

"गाठलास बघ मुहूर्त, मामा!" सेंगोडन म्हणाला.

तंगरासू हसला आणि मधेच थांबला. त्याने लॉरी कडेला घेतली.

"सेंगोडा... मी त्यांना 'चढा' म्हटलंच नाही."

म्हाताऱ्याला वर धुक्यात एकटं सोडून आलो, या विचाराने त्याला रडू फुटलं. सेंगोडनने थट्टा केली नाही. तो समोर पाहत होता. काचेवर पुन्हा तेच तीन पट्टे होते. त्याने आतून फडक्याने पुसलं. परत पुसलं.

"जात का नाहीत रे हे?"

तंगरासूने खिडकीतून अंग बाहेर काढून काचेला बोट लावलं. कोरडी विभूती लागली. पट्टे बाहेरून होते... आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, घट्ट धरून ठेवल्यासारखे, दहा बोटांचे ठसे.