दलदलीतून आलेली शीळ

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलेली. व्हर्ननमामा थापा मारणारा माणूस नाही. जन्मात एकदाच खोटं बोलला आणि ही गोष्ट त्या खोट्याचीच आहे.

उत्तर विस्कॉन्सिन. नोव्हेंबर महिना. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. दलदलीच्या काठावरचं आमचं लाकडी खोपट.

एमिल आजोबा त्याच वसंतात गेले होते. जाताना आपलं मचाण त्यांनी पोटच्या मुलाला दिलं नाही, जावयाला दिलं. जावई म्हणजे माझे बाबा, लेलँड.

तेव्हापासून मामाच्या पोटात दुखत होतं.

आजोबांचे नियम कडक. त्यांच्या लहानपणी या रानात हरणाचा खूरसुद्धा दिसत नसे. लोकांनी मारून मारून संपवली होती. "रानाकडून मोजकंच घ्यायचं," ते म्हणत. "खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही. आणि जखमी केलंत, तर ते सापडेपर्यंत घास गिळायचा नाही."

सापडलं की हरणाच्या तोंडात सीडरच्या झाडाची डहाळी ठेवायची. त्याचा शेवटचा घास. मग टोपी काढून गप्प उभं राहायचं.

त्या दिवशी बाबांनी सकाळीच एक नर पाडला. एका गोळीत. आजोबांच्या मचाणावरून.

मामाला दिवसभर काहीच दिसलं नाही. उजेड जाता जाता... लांब झाडीआड मोठी शिंगं हलली.

अंतर फार होतं. मामाला ते कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे हरीण नव्हतंच, लेलँड होता.

त्याने चाप ओढला.

बर्फावर रक्त सांडलं होतं. माग सरळ दलदलीत जात होता. मामा थोडा आत गेला. अंधारून आलं, आणि तो परत फिरला.

"बार ऐकला की! लागला?" बाबांनी विचारलं.

"चुकला."

"साफ?"

"साफ. आण ती कात्री, जावईबापू, आणि हस एकदाचा."

नेम चुकला की सदऱ्याचा मागचा घोळ कापून भिंतीवर ठोकायचा, ही आमच्या खोपटातली रीत. बाबांनी खुशीत घोळ कापला. "म्हातारा असता ना मेव्हणेबुवा, तर विजारही सोडली नसती!"

मामा मुकाट्याने जेवायला बसला. पहिला घास तोंडाशी नेला...

बाबांचा चमचा थांबला.

"ऐकलंस?"

"काय?"

"शीळ... म्हाताऱ्याची."

आजोबांचा पुढचा दात पडलेला होता. त्यांची शीळ शेवटी फुसकायची. घरातल्या कुणीही ती झोपेतसुद्धा ओळखली असती.

मामाने कान टवकारले. शेगडीत लाकूड तडतडत होतं. बाहेर वारा नाही. पाचोळा नाही. काहीच नाही...

"बघ, परत आली," बाबा म्हणाले. त्यांनी कंदील उचलला आणि ते बाहेर पडले.

मामाला भीती वाटली नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेल्यावरसुद्धा हाक जावयालाच?

ताटातलं निवून गेलं. मग... ओढल्याचा आवाज आला. बर्फावरून, काहीतरी जड. थेट दारापर्यंत.

दारात बाबा उभे होते. मागे तो नर. त्याच्या तोंडात सीडरची हिरवीगार डहाळी.

"डहाळी तू ठेवलीस?" मामाने विचारलं.

"नाही. सापडला तेव्हाच होती." बाबांनी टोपी काढली. "माझी एका हरणाच्या परवान्याची चिठ्ठी सकाळीच वापरली. याला तुझी लाव, व्हर्नन. हा तुझा आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हाताऱ्याने. कंदील त्यानेच धरला होता."

बाबांनी हे पुन्हा कुणाकडे काढलं नाही. भिंतीवरचा तो घोळही त्यांनी तसाच राहू दिला.

त्यानंतर मामाने अपुऱ्या उजेडात कधी बार काढला नाही. पण दर नोव्हेंबरात पहिल्या दिवशी तो ताटापुढे घास न उचलता बसून राहायचा. कान देऊन. एकदा तरी आपल्याला हाक येईल म्हणून.

कधीच आली नाही.

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा गेले. मचाण शेवटी मामाकडे आलं.

या वर्षी पहिल्या दिवशी मामा खोपटात एकटाच होता. ताट वाढून घेतलं, आणि...

शीळ आली. शेवटी फुसकणारी.

"आलो, पप्पा!" मामा ओरडला. एवढा म्हातारा माणूस, पण लहान पोरासारखा रडत उठला. कंदील घेतला. धडपडत दार उघडलं.

तेवढ्यात दलदलीच्या पलीकडून दुसरी शीळ आली. उत्तराची. खणखणीत.

ती माझ्या बाबांची होती.

मग बर्फावरून काहीतरी ओढत दोघं लांब लांब गेले... सकाळी बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"मला नव्हतीच ती हाक," मामा मला म्हणाला.

मी त्याची समजूत घालायला हवी होती. मी विचारलं, "बाबांनी माझं नाव घेतलं का?"



पुढच्या नोव्हेंबरात मी त्याच्याबरोबर जाणार आहे. ती शीळ ऐकायच्या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा येतो. पण ती पुन्हा मामालाच ऐकू आली आणि मला नाही, तर मी काय करीन, हे मला आत्ता सांगता येत नाही.