सरदारच्या वतीनं तीनदा ‘पुरे’

माशांची टाकी जितक्या वेळा धुवावी तितकी ती आणखी लवकर हिरवी होते, हे शाल्मलीच्या लक्षात आलं तेव्हा टाकी चौथ्यांदा धुऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. पाणी मटारच्या आमटीसारखं दिसत होतं. आत सहा मासे आहेत, असा घरातल्यांचा अंदाज होता.

“एकवीस दिवस,” आई म्हणाली. तिनं ते कागदावर लिहिलं आणि टाकीमागच्या भिंतीवर चिकटवलं. आईच्या ऑफिसात लेखी असल्याशिवाय काहीही खरं मानत नाहीत. “एकविसाव्या दिवशी हा कागद मला टाकीच्या आरपार वाचता आला पाहिजे. नाहीतर मासे बागेतल्या मोठ्या हौदात.”

पाच मासे हौदात कसेबसे निभावून गेले असते. प्रश्न सरदारचा होता. सरदार म्हणजे शेपटीला तलवार असलेला केशरी मासा, त्याचा डावा डोळा जन्मापासून अधू. हौदात हातभर लांबीचे मांगूर (छोटे मासे गिळणारे मोठे मासे) होते, आणि ते नेमके उजवीकडूनच येतील याची हमी कोण देणार?

“मी पाचव्यांदा धुते,” शाल्मली म्हणाली.

“धू की. सहाव्यांदाही धू,” दारातून आजोबा म्हणाले. ते दोन मजले खाली, एकोणतिसाव्या मजल्यावर राहत. चाळीस वर्षं पाण्याचा अभ्यास करून ते निवृत्त झाले होते. म्हणजे पगार थांबला होता, बोलणं नाही.

त्यांनी खिशातून एक कागदी पट्टी काढून पाण्यात बुडवली. पट्टी गर्द गुलाबी झाली.

“नायट्रेट,” आजोबा म्हणाले. (नायट्रेट म्हणजे नत्र असलेला क्षार, पिकांना घालतात त्या खतातही तो असतो.) “शेतात शोभेल एवढं आहे.”

“पण आम्ही खत कुठं घातलंय?”

“ते सोपानला विचार.”

सोपान हा घरातला यंत्रमानव. २०६३ साली साताऱ्यात बहुतेक घरांत एकेक होता. पण सोपानमध्ये आईनं हौसेनं ‘मराठी आदरातिथ्य’ बसवून घेतलं होतं. त्याचा नियम सोपा होता. पाहुणा ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढायचं. पहिलं ‘पुरे’ संकोचाचं, दुसरं सवयीचं, तिसरं खरं. या नियमामुळं त्या घरी जेवून गेलेले काका दोन दिवस फोन उचलत नसत.

“सोपान, माशांना दिवसातून किती वेळा खाणं घालतोस?”

“तेवीस वेळा, ताई,” सोपान अदबीनं म्हणाला. “काचेजवळ गेलं की तोंड उघडतात. उपाशी दिसतात. आणि अजून एकदाही ‘पुरे’ म्हणालेले नाहीत.”

“आणि दिवा?”

“चौदा तास. पाहुण्यांना अंधारात बसवणं बरं दिसत नाही.”

शाल्मलीनं कपाळावर हात मारला. आजोबांनी खुर्ची ओढली, म्हणजे आता समजावून सांगणार.

“पाण्यात माशांची विष्ठा पडते, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया होतो. तो माशांना विषारी. टाकीत काही जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सजीव) असतात, ते अमोनियाचं टप्प्याटप्प्यानं नायट्रेट करतात. ते बरेचसे गाळणीच्या स्पंजात राहतात.”

“तो स्पंज मी दर वेळी उकळतो,” सोपान अभिमानानं म्हणाला.

“म्हणजे दर वेळी त्या बिचाऱ्यांना उकडून मारतोस. ते पुन्हा वाढेपर्यंत पाणी माशांना धोक्याचं. तोवर तू पुन्हा तेवीस वेळा वाढतोस, चौदा तास दिवा लावतोस. खत आणि उजेड, पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळाला आणखी काय हवं? शाल्मली, तू पाणी बदललंस. पाहुणचार बदलला नाहीस.”

“मग शेवाळ मारायचं औषध घालू?”

“मेलेलं शेवाळ कुजेल. त्यातून काय होईल?”

शाल्मलीनं बोटांवर मोजलं. “अमोनिया. मग नायट्रेट. मग परत शेवाळ.” तिनं मान वर केली. “म्हणजे खत खाणारं दुसरं कुणीतरी पंगतीत आधी बसवायला पाहिजे.”

आजोबा खुशीत उठले आणि तिला खाली आपल्या घरी घेऊन गेले.

त्यांच्या बाल्कनीतल्या पिंपात हायड्रिला होती. ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती, नाजूक पानांची आणि अतिशय खादाड. शाल्मलीनं तिच्या पंचवीस फांद्या धुऊन, गोगलगाईंची अंडी चिकटलेली नाहीत ना ते तपासून, वाळूत दाटीनं रोवल्या. दिवा सात तासांवर आणला. दर आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलायचं आणि स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा, असं ठरलं.

राहिला सोपान. आदरातिथ्य काढायचं तर कंपनीची परवानगी लागे आणि तिला दोन महिने. शाल्मली दोन महिने थांबणार नव्हती. तिनं दिवसातून एकदा चिमूटभर खाणं घातलं, मासे दोन मिनिटांत ते संपवताना पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “सरदार आणि मंडळींच्या वतीनं: पुरे, पुरे, पुरे.”

सोपानचा हात खाण्याच्या डब्यावरून मागं आला. “पोट भरलं ना, सरदारसाहेब?” त्यानं विचारलं. सरदारनं तोंड उघडलं.

“पुरे!” शाल्मली ओरडली.

पहिल्या आठवड्यात काहीच सुधारलं नाही. उलट हायड्रिलाची खालची पानं गळून पाण्यात लोंबू लागली. आई येता-जाता कॅलेंडर बघायची.

“झाडं मेली,” शाल्मली म्हणाली.

“जागा बदलली की जुनी पानं टाकतात,” आजोबा म्हणाले. “शेंडे बघ.”

शेंड्यांना पोपटी कोंब होते. तिनं बाह्या सरसावल्या आणि गळलेलं पान न् पान वेचून काढलं. ती पानं कुजली असती तर पुन्हा तेच चक्र. शाळेत जायच्या आधी वेचायची, आल्यावर वेचायची. हाताला मासळीबाजाराचा वास येऊ लागला, तेव्हा वर्गात शेजारी बसणारी मैत्रीण दोन बाकं लांब सरकली. शाल्मलीनं तिकडं लक्ष दिलं नाही. मैत्रिणीचे दोन्ही डोळे चांगले होते, सरदारचा एकच.

दहाव्या दिवशी हायड्रिला पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचली. प्रकाशसंश्लेषण (उजेड, पाणी आणि कर्बवायू वापरून वनस्पतीनं स्वतःचं अन्न करणं) जोरात चालू झालं होतं. पानांवर प्राणवायूचे बारीक मोती दिसत होते. शाल्मलीनं शेंडे छाटून बाल्कनीतल्या कुंड्यांत टाकले.

“एवढं वाढवून कापता का, ताई?” सोपाननं दुखावल्या आवाजात विचारलं.

“पाण्यातलं खत आता या पानांत आहे. पानं बाहेर काढली की खतही बाहेर.”

चौदाव्या दिवशी पट्टी फिकट गुलाबी आली. अठराव्या दिवशी जवळजवळ पांढरी. काचेवरचं उरलंसुरलं शेवाळ तिनं हातानं खरवडलं. ते परत आलं नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी आई चष्मा लावून टाकीसमोर उभी राहिली. हिरव्या फांद्यांमधून सहा मासे गेले. आईनं ते मोजले, मग वाकून पलीकडं पाहिलं.

“‘टाकीला एकवीस दिवस. त्यानंतर सबब चालणार नाही,’” तिनं वाचलं. “अक्षर काय गिचमिड काढलंय!”

“तुझंच आहे,” शाल्मली म्हणाली.

आईनं कागद काढला, घडी घातली आणि केराच्या डब्यात टाकला.

“चंद्रावरच्या वसाहतीत पाणी असंच शुद्ध करणार आहेत म्हणे,” आजोबा म्हणाले. “माणसांच्या सांडपाण्यावर झाडं.”

“मग ती झाडं छाटणारं कुणीतरी लागेल,” शाल्मली म्हणाली. “आणि वाढणाऱ्याला थांबवणारं.”

सरदार काचेजवळ आला, उजवा डोळा बाहेर लावून त्यानं सगळ्यांना नीट पाहिलं आणि तोंड उघडलं. सोपानचा हात खाण्याच्या डब्याकडं निघाला.

“पुरे,” आई म्हणाली. “पुरे. पुरे.”