छाटणीच्या बागेतला मुक्काम

"मॅडम, लवकर या. तंबूत माणूस मेलाय, अन् लोक खुर्शीदाला मारायला निघालेत."

गिरणाऱ्याच्या पोलीस पाटलांचा फोन. उपनिरीक्षक मनीषा गायधनीने चहा तसाच टाकला आणि जीप काढायला लावली.

द्राक्षबागेच्या कडेला तीन तंबू होते. ऑक्टोबर सरत आला की नाशिकच्या आसपास हे नवीन पीक येतं. शहरातली माणसं शेतात झोपायला हौसेने येतात. असो, ज्याची त्याची हौस. मधल्या तंबूत साई पडला होता. तो पाहुणा नव्हता, तंबू त्याचेच. पुण्याची नोकरी सोडून आईजवळ परतलेला. वडील गेल्यावर जमीन आई कलाबाईच्या नावावर झाली होती. बाग सांभाळायचा कुंदन, कलाबाईचा पुतण्या. त्याचे आईबाप लहानपणीच गेले, तिनेच त्याला वाढवलं.

अंगावर जखम नव्हती. उशाशी उलटी होती. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

"रक्त?" हवालदाराने विचारलं.

"रंग आहे. छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, सारखे फुटावेत म्हणून तिला औषधाची पेस्ट लावतात. कुठे लावली ते दिसावं म्हणून तिच्यात रंग घालतात." मनीषाचं माहेर निफाडचं, बागायतदाराचं.

ओट्यावर कलाबाई छाती बडवत होती. "हिनंच घातलं काहीतरी जेवणात! माझं लेकरू खाल्लं हिनं!"

खुर्शीदा आजूबाजूच्या सगळ्या कॅम्पांचा स्वयंपाक करायची. ती भिंतीला टेकून उभी होती, ओढणी फाटलेली.

"भाभी, काल काय केलं होतं जेवायला?"

"मटण-भाकरी. सगळ्यांनी खाल्लं, मॅडम. मीबी खाल्लं."

"साईने?"

"दोन घास. कुंदनभाऊने आणलेली बाटली अगोदर उघडली ना त्याने." तिने फाटकी ओढणी सावरली. "बाकीच्या कॅम्पवाल्यांनी सकाळीच सांगितलं, येऊ नको. तुम्ही सोडलं तरी माझी चूल विझली."

मनीषाला तिची कीव आली आणि गर्दीचा संताप. पण संतापून खुनी सापडत नाही.

शेजारच्या तंबूत पुण्याची पल्लवी उतरली होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"काय पाहिलंस?"

"दुसऱ्या पेगलाच त्याचा चेहरा लालभडक झाला. छाती धडधडतेय, श्वास घेता येत नाही म्हणाला. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. कुंदनदादा म्हणाले, चढलीय, झोपू द्या. स्वतः तंबूत नेऊन झोपवलं. मी ऐकायला नको होतं हो!"

बागेत मजूर काम थांबवून बसले होते. मनीषाने त्यांतल्या सुलाबाईला गाठलं.

"नवरा पितो का गं तुझा?"

"लय. पण सध्या नाय. पेस्टिंग चालू हाय ना! कुंदनभाऊ रोज सकाळी गड्यांची तोंडं हुंगतो. वास आला की हाकलून देतो."

"साईपण लावत होता पेस्ट?"

"कालच. व्हिडिओ काढायचा व्हता त्याला. हातमोजे घालत व्हता, तर कुंदनभाऊच बोलला, उघड्या हातानं लाव, चांगलं दिसतं."

मनीषाने कुंदनला सगळ्यांदेखत ओट्यावर बसवलं.

"साईसोबत तूही प्यालास?"

"बरोबरीनं. एकाच बाटलीतली. मला काय झालं? म्हणजे दारूत काय नव्हतं. जे व्हतं ते जेवणातच."

"काल बागेत होतास?"

"दिवसभर. छाटणी सोडून कुठं जाणार?" त्याने हात पुढे केले. "हे बघा, नखांतला रंग निघत नाय. मोजे फाटलेले व्हते."

"साई बाग ठेवणार होता की काढणार?"

कुंदनचा चेहरा उतरला. "काढणार व्हता. इथं रिसॉर्ट बांधणार व्हता. काकासोबत एकेक कलम मी बांधलंय, मॅडम. हा तवा पुण्यात व्हता."

"तू प्यालास म्हणतोस. खोटं बोलतोस."

"आईची शपथ—"

"गप्प बस. छाटणीत आमच्या घरात बाटली दिसली तर वडील अंगणात आपटून फोडायचे. हे औषध कातडीतून अंगात जातं आणि वर दारू गेली की शरीराला ती पचवता येत नाही. तोंड लाल होतं, धाप लागते, रक्तदाब खाली येतो, वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. हे तुला पक्कं ठाऊक. उगाच का गड्यांची तोंडं हुंगतोस? ज्याला काही माहीत नाही त्या भावाला तू मोजे काढायला लावलेस. संध्याकाळी त्याच्यासमोर बाटली ठेवलीस. पल्लवी दवाखान्यात नेत होती, तिला अडवलंस. जेवण तर सगळ्यांनीच खाल्लं, मेला तेवढा साई. आणि खुर्शीदाभाभीवर ढकलायचं म्हणून तू सांगितलंस, मीही बरोबरीनं प्यालो. अरे, फाटक्या मोज्यांनी दिवसभर पेस्ट लावून खरंच बरोबरीने प्याला असतास, तर आज धडधाकट बसला नसतास. तू नुसता पेला हातात धरून त्याला बघत बसलास!"

कुंदनने मान खाली घातली.

"मोठी आई, मी बागेसाठी केलं," तो पुटपुटला. "तो कुऱ्हाड लावणार व्हता."

कलाबाई उठली. तिने त्याची कॉलर धरली, पण मारायला हात उचलेना.

"कशी लावणार व्हता? सही माझी लागती. मी परवाच त्याला बोलले, मी जिती हाय तोवर बागेला हात लावू देणार नाय. म्हणून तर पीत बसला तो. मला एकदा विचारायचं व्हतं रे, मेल्या!"

हवालदार कुंदनला घेऊन गेले. जीपच्या मागे धावायलाही कुणी पोर गेलं नाही.

मनीषा खुर्शीदाकडे वळली. "भाभी, घरी जा. तुमच्यावर काही नाही."

"जाते. पण माझ्या हातचं आता खाणार कोण, ते सांगा."

मनीषाने गर्दीकडे पाहिलं. सकाळी आरडाओरडा करणारी गर्दी आता एकमेकांच्या पाठीमागे लपत होती.

"खुर्शीदा," कलाबाई म्हणाली. "घसा कोरडा पडलाय माझा. पाणी दे."

खुर्शीदा जागची हलली नाही. सकाळी कलाबाईनेच तिची ओढणी फाडली होती. मग खुर्शीदा आत गेली, माठातून तांब्या भरून आणला आणि कलाबाईपुढे धरला. सगळ्या गावादेखत कलाबाई ते पाणी प्यायली. तांब्या रिकामा झाला तसा तिने हंबरडा फोडला, आणि खुर्शीदा तिच्याशेजारी ओट्यावर बसली.