यादीत नसलेली डिस्क

तो पहिल्यांदा आमच्या सर्व्हर-खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा घामाने निथळत होता.

“दोन मिनिटं आत येऊ? इथे फुकटचा गारवा मिळतो म्हणे.”

“गारवा यंत्रांसाठी आहे, माणसांसाठी नाही,” मी म्हटलं आणि स्टूल पुढे सरकवलं. माझा कडकपणा हा असा!

तो आमच्या पाणीखात्याचा नकाशेवाला. गल्लोगल्ली पायी फिरून जमिनीखाली कुठे कोणता व्हॉल्व्ह आहे ते शोधायचा आणि नकाशावर चढवायचा. मी बॅकअपवाली, सगळं ऑफिस मला तेच म्हणतं. त्याला नवं मशीन मीच करून दिलं. दोन मिनिटांचा गारवा मग रोजचा झाला, आणि अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

त्याच्या सगळ्या खिशांतून चिठ्ठ्या डोकवायच्या. ‘शाळेच्या भिंतीपासून चार पावलं’ असलं काहीबाही लिहिलेल्या.

“सगळं मशीनवर चढवतोस ना? मग ही रद्दी कशाला?”

“मशीन गेलं तर?”

“तुझं मशीन म्हणजे खरं तर एक मोठी फाइल. तिचे तुकडे या सगळ्या डब्यांत पसरलेत, प्रत्येक तुकडा तीन ठिकाणी. एखादा डबा बंद पडला तरी तुला पत्ता लागणार नाही.”

“आणि कोणी पुसूनच टाकली तर?”

“तर तिन्हीकडून पुसली जाईल. म्हणून तर मी आहे! रोज जे बदलतं ते उचलून पलीकडच्या इमारतीत ठेवते. फाड त्या चिठ्ठ्या... की माझ्यावर भरवसा नाही?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली — हसत, माझ्यावरची नजर न काढता. त्या दिवशी मी घरी चालत नाही, तरंगत गेले.

महिन्याभराने जागा अपुरी पडायला लागली, म्हणून मी साफसफाई काढली. हिशेब सोपा होता: बॅकअपच्या यादीत जी डिस्क, म्हणजे कुणाच्या मशीनची ती मोठी फाइल, नाही ती बेवारस. तशा तीन सापडल्या, तिन्ही पुसल्या. तासाभरात तो दारात. चेहरा उतरलेला.

“माझं मशीन उघडत नाहीये गं.”

“मग घाबरतोस काय? बॅकअप आहे!”

मी ऐटीत यादी उघडली. त्याच्या नावापुढे रोजची हिरवी खूण होती. फाइल उघडली. ते त्याचं जुनं मशीन होतं. नवं दिलं तेव्हा यादीत जुन्याचाच नंबर राहिला होता. कुणी वापरत नसलेल्या मशीनचा मी रोज इमानेइतबारे बॅकअप घेत होते. आणि खरी डिस्क, यादीत नाही म्हणून, मीच माझ्या हाताने पुसली होती. पाच आठवड्यांची पायपीट...

“माझाच गाढवपणा असणार,” तोच म्हणाला. “जुनं मशीन बंद करायचा फॉर्म परवा भरला ना, त्यात नव्याचा नंबर टाकला असेन. सॉरी गं. तुझ्या डोक्याला ताप.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तीन दिवस! त्याने साहेबांची माफी मागितली, माझी तर दोनदा. दर वेळी वाटायचं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. पण खरं सांगितलं तर तो पुन्हा कधी माझ्याकडे तसं बघणार नाही, या भीतीने तोंडच उघडत नव्हतं.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती, हात थांबवून म्हणाली, “लाज वाटते ना? वाटू दे की. पण तुझी लाज त्याच्या डोक्यावर कशाला?”

चौथ्या दिवशी साहेबांनी अहवाल पुढे केला. ‘चूक माझी’ या ओळीखाली सही करायला त्याने पेन उघडलं.

“थांबा!” मी उठले. “त्याचा फॉर्म बरोबर होता. मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. यादी चुकली ती माझी, आणि डिस्कही मीच पुसली.”

सगळे माझ्याकडे बघत होते. तो मात्र टेबलाकडे.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं.

“चूक कुणाकडूनही होते,” तो हळू म्हणाला. “पण तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो, आणि तुम्ही ऐकत होतात.”

तुम्ही... त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मला भीती वाटली.”

“नोकरीची?”

“तुझी. तू पुन्हा येणार नाहीस याची. मला तू आवडतोस. हे सांगायची ही वेळ नाही... कळतंय मला.”

“नाहीच आहे,” तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

तो आठ दिवस फिरकला नाही. आता मी रोज एक मशीन बॅकअपमधून खरोखर उभं करून बघते. नुसत्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवत नाही. पण त्यामुळे पाच आठवडे थोडेच परत येणार होते?

सुट्टीच्या सकाळी त्याला शोधत निघाले. एका अरुंद गल्लीत तो एकटाच माप घेत होता. टेपचं टोक विटेखाली दाबून ठेवलेलं, आणि ते सारखं निसटत होतं. मी काही न बोलता वाकले आणि टोक भिंतीला टेकवून धरलं.

त्याने वर पाहिलं. “माझा राग गेलेला नाही.”

“माहितीये.”

“लवकर जाणारही नाही. खूप गल्ल्या आहेत.”

“मी रोज ऑफिसच्या आधी येईन. तू बोलू नकोस हवं तर.”

तो टेप उलगडत पार पलीकडे गेला. आकडा वाचला, लिहिला.

“न बोलता कसं जमेल?” तो तिथूनच म्हणाला. “दुसऱ्या कुणी असं केलं असतं ना, तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. तू केलंस... म्हणून इतकं लागलं. आवडतेस ना!”

माझ्या हातातलं टोक भिंतीवरून सरकलं.

“हलवू नकोस गं,” तो ओरडला, “माप चुकतंय!”

मी दोन्ही हातांनी टोक भिंतीशी घट्ट दाबून धरलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच रडत उभी राहिले.